एकखांबी तंबूला दुसरा खांब मिळाला का? सॅन अँटोनियो स्पर्सच्या नव्या सीझनबद्दल

आजचा एपिसोड बऱ्याच जणांनी मागितला होता. मेसेजमध्ये एकच प्रश्न येत होता, "दादा, स्पर्सचं काय होणार?" सीझन तोंडावर आलाय, प्रीसीझनच्या मॅचेस सुरू होतायत, त्यामुळे आता टाळण्यात अर्थ नाही. आधीच सांगून टाकतो, मी स्पर्सचा फॅन आहे. माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका, पण आकड्यांशी लबाडी करणार नाही एवढं नक्की.

जे नवीन ऐकतायत त्यांच्यासाठी पटकन थोडा इतिहास. सॅन अँटोनियो हे टेक्सासमधलं शहर. तिथल्या या टीमनं १९९९, २००३, २००५, २००७ आणि २०१४ अशी पाच वेळा एनबीए जिंकलीय. टिम डंकन, टोनी पार्कर, मनू जिनोबिली आणि बाजूला उभे राहून ओरडणारे कोच ग्रेग पोपोविच. सलग २२ वर्षं ही टीम प्लेऑफमध्ये होती. २०१९ मध्ये शेवटचं प्लेऑफ खेळले आणि मग गाडी जी रुळावरून उतरली ती उतरलीच. २०२२-२३ मध्ये ८२ पैकी २२ मॅचेस जिंकल्या. पुढच्या वर्षी परत २२. गेल्या सीझनला ३४. म्हणजे सहा सीझन झाले, प्लेऑफचं तोंड पाहिलेलं नाही. मी कॉलेजला असताना ही टीम प्लेऑफमधून गेली, आता माझ्या बॅचमधल्या निम्म्या मुलांची लग्नं झाली, तरी ही अजून परतलेली नाही.

आणि तरीही यंदा सगळे या टीमबद्दल बोलतायत. का? एका माणसामुळे. व्हिक्टर वेम्बन्यामा. फ्रान्सचा पोरगा, वय २१, उंची सात फूट चार इंच. आपल्याकडे घराच्या दाराची चौकट साधारण सात फुटांची असते, म्हणजे हा आत येताना वाकणारच. गेल्या सीझनला तो फक्त ४६ मॅचेस खेळला. मॅचमागे २४.३ पॉइंट्स, ११ रिबाउंड्स आणि ३.८ ब्लॉक्स. आता गंमत ऐका. ४६ मॅचेसमध्ये त्याचे एकूण १७६ ब्लॉक्स झाले, आणि अख्ख्या लीगमध्ये कुणाचेच एवढे झाले नाहीत. बाकीचे सत्तर-ऐंशी मॅचेस खेळले, तरी.

पण तो ४६च का खेळला, तिथे आज जरा थांबायचंय मला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये, ऑल-स्टार गेम खेळून आल्यावर, त्याच्या उजव्या खांद्यातल्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली. डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, डीव्हीटी. हा शब्द मला एनबीएमुळे कळलेला नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या बाबांच्या पायाला प्लास्टर होतं, आणि त्यानंतर पोटरीला सूज आली. आम्हाला वाटलं प्लास्टरमुळे असेल. डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली आणि डीव्हीटी निघाली. मग सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या. त्या सहा महिन्यांत आई बाबांना भाजी चिरायलाही सुरी हातात घेऊ द्यायची नाही, कारण साधं कापलं तरी रक्त लवकर थांबत नाही. त्यामुळे वेम्बीची बातमी फोनवर दिसली तेव्हा मी स्टँडअप मीटिंगमध्ये होतो, आणि माझी टर्न आली तेव्हा काय बोललो मला आजही आठवत नाही.

बास्केटबॉल खेळणाऱ्याला हे का घातक आहे ते यातूनच कळेल. गोळ्या चालू असताना कोपर लागला, जमिनीवर आपटला, तर आत रक्तस्राव व्हायची भीती. म्हणून गोळ्या चालू तोवर मॅच बंद. आणि गोळ्या बंद केल्यावर गुठळी परत झाली तर? मायामी हीटचा ख्रिस बॉश आठवतोय? २०१५ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा त्रास झाला, पुढच्या सीझनला परत आला, आणि बरोबर एक वर्षानं पुन्हा गुठळी. फेब्रुवारी २०१६ नंतर तो कधीच खेळला नाही. ऑल-स्टार खेळाडू, करिअर तिथेच संपलं. दुसऱ्या बाजूला ब्रँडन इंग्रम आहे. त्याला २०१९ मध्ये उजव्या हातात हाच त्रास झाला, सर्जरी झाली, आणि पुढच्याच सीझनला तो ऑल-स्टार झाला, वर मोस्ट इम्प्रूव्ह्ड प्लेअर. बॉशच्या बाबतीत हे एकदा पायात, एकदा फुप्फुसात असं फिरत राहिलं. इंग्रमचा त्रास हातापुरता होता. वेम्बीचा खांद्यापुरता आहे, म्हणून मी त्याला इंग्रमच्या रांगेत उभा करतोय. पण मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही.

जुलैमध्ये टीमच्या डॉक्टरांनी त्याला हिरवा कंदील दिला. त्याआधी जूनमध्ये हा गडी कुठे गेला होता माहितीये? चीनमधल्या शाओलिन मंदिरात. डोकं भादरून, तिथले कपडे घालून, कुंग-फू आणि ध्यान. मग परत येऊन हकीम ओलाजुवन आणि केव्हिन गार्नेट यांच्याकडे शिकवणी. आपल्याकडे मुलगा आजारातून उठला की आई त्याला चार महिने घराबाहेर पडू देत नाही. हा डोंगरावर जाऊन उड्या मारत होता.

तर पहिला मुद्दा हा. आम्ही कामात एक शब्द वापरतो, सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. म्हणजे एकच सर्व्हर असा, की तो पडला की सगळी साइट झोपली. मराठीत याला आधीपासून छान शब्द आहे, एकखांबी तंबू. गेल्या वर्षी स्पर्स एकखांबी तंबू होते. वेम्बी कोर्टवर असला की समोरचे खेळाडू बास्केटच्या जवळ यायलाच धजत नाहीत. आत घुसतात, वर बघतात, हात दिसतो आणि परत फिरतात. ही माघार कुठल्याच स्टॅटशीटमध्ये येत नाही. आणि तो बेंचवर गेला, की अख्खी बिल्डिंग रखवालदाराशिवाय. कुणीही यावं, लेअप टाकून जावं.

म्हणून या उन्हाळ्यात टीमनं केलेली माझी सगळ्यात आवडती गोष्ट अगदीच साधी आहे. त्यांनी बॉस्टनमधून ल्यूक कॉर्नेटला आणलं. सात फुटी सेंटर, चॅम्पियन टीममध्ये खेळलेला, मॅचमागे फार पॉइंट्स करत नाही, पोस्टरवर कधी दिसणार नाही. पण त्याला कुठे उभं राहायचं ते कळतं. शिवाय वॉशिंग्टनकडून केली ऑलिनिक घेतला, तोही उंच आणि तीन पॉइंटर मारणारा. आमच्या भाषेत बॅकअप सर्व्हर. ट्विटरवर यावर कुणी रील बनवणार नाही, पण डिसेंबरमधल्या एखाद्या मंगळवारी, वेम्बीला विश्रांती दिलेली असताना, शार्लटविरुद्धची मॅच हीच मंडळी जिंकून देतील. अशा आठ मॅचेस जिंकल्या तरी सीझन बदलतो.

आता खरा वाद. गार्ड्स.

फेब्रुवारीत स्पर्सनं सॅक्रामेंटोकडून डिॲरन फॉक्सला घेतलं. फॉक्सची आणि आपली जुनी ओळख आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीए पहिल्यांदा भारतात आली, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्या दोन मॅचेस झाल्या. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, त्यामुळे ही टीम येणं साहजिक होतं. पहिली मॅच ओव्हरटाइममध्ये गेली आणि पेसर्स १३२-१३१ असे एका पॉइंटनं जिंकले. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होतो. हॉस्टेलच्या एका खोलीत अकरा जण, एक लॅपटॉप, आणि वायफाय असं की मॅच बघतोय की फोटो अल्बम तेच कळत नव्हतं. फॉक्स बॉल घेऊन सुटला की स्क्रीनवर तो एकदम अर्धं कोर्ट पुढे दिसायचा. आम्ही म्हणायचो नेट स्लो आहे. नंतर कळलं, नेट स्लो होतंच, पण तो खरंच तेवढा फास्ट आहे.

असा माणूस वेम्बीच्या जोडीला. कागदावर स्वप्न. प्रत्यक्षात काय झालं? फॉक्स आला, थोड्याच दिवसांत वेम्बी गेला. मग फॉक्सच्या करंगळीची सर्जरी झाली आणि तोही गेला. स्पर्सकडून १७ मॅचेस, बस. ऑगस्टमध्ये त्याला चार वर्षांचं २२९ मिलियन डॉलर्सचं एक्स्टेंशन दिलं. आणि आता ट्रेनिंग कॅम्पच्या तोंडावर बातमी काय, तर हॅमस्ट्रिंग दुखावलंय, सीझनची सुरुवात चुकणार. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हा. अजून त्या दोघांना एकत्र खेळताना आपण धड पाहिलेलंच नाही.

फॉक्सच्या मागे स्टेफन कॅसल. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये चौथा, गेल्या सीझनचा रूकी ऑफ द इयर. त्याच्या आधीच्या वर्षी तो किताब वेम्बीला मिळाला होता, म्हणजे घरातच राहिला. आणि आता डिलन हार्पर. लॉटरीत स्पर्सना दुसरा नंबर लागला आणि त्यांनी हार्परला घेतलं. रॉन हार्परचा मुलगा, म्हणजे शिकागोत जॉर्डनबरोबर तीन आणि लेकर्सबरोबर दोन टायटल्स जिंकलेल्या माणसाचा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, इथे तीन आहेत. तिघांनाही बॉल हातात हवा. तिघंही आत घुसणारे. आणि तिघांचाही बाहेरून नेम बेताचा. कॅसलनं गेल्या वर्षी तीन पॉइंटर्स साधारण २८ टक्क्यांनी मारले, फॉक्सनं ३१ टक्क्यांनी.

यानं बिघडतं काय ते समजावून सांगतो, कारण इथेच सगळं अडकलंय. समजा तुम्ही समोरच्या टीमचे कोच आहात. कॅसल बाहेर उभा आहे. तुम्ही तुमच्या डिफेंडरला सांगणार, त्याला सोड, मारू दे, तू आत जाऊन वेम्बीपाशी उभा राहा. फॉक्सच्या डिफेंडरलाही तेच. आता वेम्बीच्या भोवती तीन माणसं. सात फूट चार इंच असला तरी गर्दीच्या वेळी दादर स्टेशनवर अडकल्यासारखी अवस्था. मग तो कंटाळून बाहेर येतो आणि स्वतःच तीन पॉइंटर मारतो. गेल्या वर्षी मॅचमागे जवळजवळ नऊ मारले त्यानं, ३५ टक्क्यांनी. वाईट नाही. पण समोरचा कोच मनात म्हणतो, मार बाबा, आत येऊ नकोस म्हणजे झालं.

माझं मत विचाराल, तर यंदा त्यानं नऊचे सहा करावेत. ओलाजुवनकडे जाऊन आलाय तो काही अंगठी दाखवायला गेला नव्हता, पोस्टमध्ये पाय कसे हलवायचे ते शिकायलाच गेला असणार. आणि बाहेर नेम असलेले लोक त्याच्याभोवती सतत हवेत. हॅरिसन बार्न्स ३३ वर्षांचा, गेल्या सीझनला सगळ्या ८२ मॅचेस खेळला आणि ४३ टक्क्यांनी तीन पॉइंटर्स मारले. ऑफिसमध्ये एक असे काका असतात ना, कधी सुट्टी नाही, कधी आवाज नाही, पण त्यांचं काम परत तपासावं लागत नाही. ते बार्न्स. डेव्हिन व्हॅसेल आणि ज्युलियन शॅम्पेनी हे बाकीचे दोघे. वेम्बी, दोन गार्ड, दोन शूटर. तिन्ही गार्ड एकत्र कोर्टवर पाच मिनिटांच्या वर दिसले, तर मी टीव्हीसमोर ओरडणार.

एक माणूस मात्र गेलाय, त्याची उणीव कितपत भासेल याचा अंदाज मला लागत नाहीये. ख्रिस पॉल. वयाच्या ३९ व्या वर्षी, विसाव्या सीझनमध्ये, त्यानं सगळ्या ८२ मॅचेसची सुरुवात केली. आजवर विसाव्या वर्षी असं कुणीच केलेलं नाही. आता तो क्लिपर्सकडे गेलाय. शेवटच्या दोन मिनिटांत बॉल कुणाच्या हातात द्यायचा, हा प्रश्न त्याच्यामुळे पडायचा नाही. यंदा उत्तर फॉक्स. क्लच प्लेअर ऑफ द इयर हा पुरस्कार २०२३ मध्ये पहिल्यांदा दिला, तो फॉक्सलाच मिळाला होता. पण त्यासाठी तो बूट बांधून कोर्टवर असायला हवा.

आणि बाजूला उभा असणार मिच जॉन्सन. गेल्या नोव्हेंबरमध्ये पोपोविचना स्ट्रोक आला, सीझनच्या पाच मॅचेस झाल्या होत्या फक्त. उरलेल्या ७७ मॅचेस या असिस्टंट कोचनं सांभाळल्या. ३२ जिंकल्या, ४५ हरल्या. मे महिन्यात पोपोविचनी कोचिंग सोडलं आणि जॉन्सन मुख्य कोच झाला. वय ३८. एनबीएच्या इतिहासात सगळ्यात जास्त मॅचेस जिंकलेल्या कोचच्या खुर्चीत बसायचं, आणि तो कोच टीमचा प्रेसिडेंट म्हणून त्याच बिल्डिंगमध्ये फिरतोय. सासूबाईंचं स्वयंपाकघर ताब्यात मिळालंय, पण सासूबाई हॉलमध्येच बसल्यात. मला जॉन्सनबद्दल सहानुभूती आहे. माझा लीड एकदा आजारी पडला आणि त्याचा प्रोजेक्ट माझ्या अंगावर आला, तेव्हा तीन महिने लोक प्रत्येक गोष्टीला "पण आधी आपण असं करायचो" म्हणत होते. जॉन्सनला अर्धी टीम हातात नसताना ७७ मॅचेस मिळाल्या. त्याला जोखायचं तर यंदापासून.

आता आकडे. वेस्टर्न कॉन्फरन्समध्ये १५ टीम्स. पहिल्या सहा थेट प्लेऑफमध्ये, सात ते दहा प्ले-इन खेळतात. गेल्या सीझनला स्पर्स तेरावे. दहाव्या नंबरवर डॅलस, ३९ विजय. म्हणजे प्ले-इन फक्त पाच मॅचेस लांब होतं. पण सहाव्या नंबरवर मिनेसोटा, ४९ विजय. म्हणजे थेट प्रवेशाला पंधरा मॅचेस कमी पडल्या. सहा ते दहा या चार पायऱ्यांत दहा मॅचेसचं अंतर. दार दिसतंय जवळ, पण आतलं दार फार आत आहे.

पुढे कोण आहे बघा. ओक्लाहोमा सिटी, ६८ विजय आणि टायटल, सगळी पोरं तरुण आणि तीच टीम परत. हूस्टननं केव्हिन ड्युरांटला घेतलंय. डेन्व्हरकडे योकिच. लेकर्सकडे आता पूर्ण सीझन डॉन्चिच. मिनेसोटा, क्लिपर्स, गोल्डन स्टेट. यातलं कुणी स्वतःहून जागा सोडणार नाहीये. जागा दिसते ती खाली. फिनिक्सनं ड्युरांट सोडला, मेम्फिसनं डेझमंड बेन विकला, डॅलसचा कायरी अर्व्हिंग गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर. तिथून वर सरकणं जमण्यासारखं आहे.

माझं गणित असं. वेम्बी ६५ मॅचेस खेळला तर ४५ विजय, सातवा किंवा आठवा नंबर, प्ले-इन जिंकून प्लेऑफ. ६५ हा आकडा मी हवेतून आणला नाही. एमव्हीपी, डिफेन्सिव्ह प्लेअर असे पुरस्कार मिळायला ६५ मॅचेस खेळाव्याच लागतात, असा नियम आहे. गेल्या वर्षी डिफेन्सिव्ह प्लेअर त्यालाच मिळणार असं सगळे धरून चालले होते, तो याच नियमात हुकला. ७२ च्या वर खेळला आणि फॉक्स दिवाळीनंतर लवकर परतला, तर ४९, आणि मग सहाव्या जागेसाठी मारामारी. आणि वेम्बी ५० च्या आत राहिला तर? तर ३६-३७. कॉर्नेट कितीही चांगला असला तरी बॅकअप सर्व्हरवर वर्षभर साइट चालत नाही.

कॅलेंडरमध्ये एक गोष्ट लक्षात ठेवा, फेब्रुवारी. दरवर्षी फेब्रुवारीत स्पर्सच्या मैदानात रोडिओ भरतो. घोडे, बैल, जत्रा, सगळं. त्यामुळे टीमला आपलंच घर सोडून बाहेरगावी मॅचेस खेळत फिरावं लागतं. आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गणपतीचा मांडव पडला की दहा दिवस गाडी बाहेर लावतो ना, तसंच. फॅन्स त्याला रोडिओ ट्रिपच म्हणतात. चांगल्या वर्षांत टीम याच ट्रिपमध्ये घट्ट व्हायची. गेल्या वर्षी वेम्बीची बातमी याच काळात आली. यंदा ट्रिपवरून परत येताना विजय आणि पराभव किती आहेत ते बघा, पुढचं बरंचसं तिथेच कळेल.

काही लोक म्हणतात, घाई कशाला, पोरगा २१ चा आहे, अजून एक-दोन वर्षं थांबा. अटलांटाचा २०२७ चा पिक हातात आहेच. मला हे पटत नाही. कॅसल आणि हार्पर आज रूकी पगारावर आहेत, वेम्बीसुद्धा. पुढच्या उन्हाळ्यात वेम्बी मोठ्या एक्स्टेंशनला पात्र होतो, फॉक्सचे मोठे पैसेही त्याच सीझनपासून सुरू होतात. स्वस्तातली दोन-तीन वर्षं हीच आहेत. आणि बॉशचं उदाहरण डोक्यात असलेल्या माणसाला "अजून खूप वेळ आहे" हे वाक्य गळी उतरत नाही. म्हणून मात्र त्याला रोज चाळीस मिनिटं पळवा असं मी म्हणत नाहीये. लागोपाठच्या दोन दिवसांत मॅचेस असतील तर एक सोडा, बिनधास्त सोडा. त्या दिवशी मी कॉर्नेटला बघीन. बाबांच्या गोळ्या बंद झाल्या त्या दिवशी आईनं पहिला प्रश्न विचारला होता, "आता परत नाही ना होणार?" डॉक्टर म्हणाले, "चालत राहा, पाणी पीत राहा, आणि पाय सुजला तर लगेच या." हमी कुणीच देत नाही.

बरं, पहिली मॅच. डॅलसमध्ये, डॅलसविरुद्ध. यंदाच्या ड्राफ्टचा पहिला नंबर कूपर फ्लॅग याची ही पहिलीच मॅच, आणि समोर वेम्बी. तिथे २२ ऑक्टोबरची रात्र, आपल्याकडे २३ तारखेची सकाळ, सात वाजता. आता २३ ला आहे भाऊबीज. माझी ताई पुण्यात राहते, ती सकाळी आठला येणार म्हणून फोन आला. मी म्हटलं ताई, साडेनऊला ये. ती म्हणाली, कशासाठी? म्हटलं, फ्रान्सचा एक मुलगा आठ महिन्यांनी खेळायला येतोय. ती म्हणाली, मग त्यालाच ओवाळते.

तर मी सात वाजता लॅपटॉपसमोर आहे. तुमचा विजयांचा आकडा कमेंटमध्ये टाकून ठेवा, एप्रिलमध्ये काढून बघू. भेटू पुढच्या आठवड्यात.